दोन मिनिटांचा आवाज

उस्तादांना पहिला संशय आला तो तव्यावरून.

तवा बिडाचा होता, काळाकुट्ट आणि इतका जड, की तो पाठीवर चढवताना मेहुणा देवाचं नाव घ्यायचा आणि उतरवताना उस्तादांचं. गळाला लागलेला मासा याच तव्यावर पडला पाहिजे, पातळ पत्र्याच्या भांड्यात मासा भाजत नाही, नुसता रडतो, असं उस्तादांचं ठाम मत. मेहुण्याचं मत याच्या बरोबर उलट. कारण एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे जाताना जिथे पाणी संपतं आणि होड्या डोक्यावर, सामान पाठीवर घेऊन झाडीतून चालावं लागतं, तिथे तवा नेमका त्याच्याच वाट्याला यायचा. या तव्यावरून घरात दर वर्षी रण माजायचं. एका वर्षी तर मेहुणा भरल्या ताटावरून उठून "मी येतच नाही" म्हणत जिना उतरून गेला होता आणि चष्मा टेबलावर राहिला म्हणून परत आला होता.

यंदा रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. घडी पडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर साखरेचा डबा, कात्री, चहाचा कप आणि उस्तादांच्या गोळ्यांची डबी ठेवली. उस्तादांनी घसा खाकरला. "तवा घ्यायचाय. आधीच सांगून ठेवतो."

"घेऊ की, दाजी," मेहुणा म्हणाला.

घेऊ की! उस्ताद चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले. मेहुणा बिस्कीट चहात बुडवत होता आणि कपाळावर एक आठी नव्हती.

"तुझ्याच पाठीवर येईल तो," उस्तादांनी आठवण करून दिली.

"येऊ दे ना. तव्याशिवाय काय मजा?"

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. ती भावाच्या कपात आणखी चहा ओतत होती. लेकीकडे पाहिलं. ती पेन्सिलीला टोक काढत होती. तिघांच्याही तोंडावर सारखंच मंद, समजूतदार हसू होतं. लग्नाच्या फोटोत कुणाचेच नसलेले पाहुणे हसतात, तसं.

उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभं आयुष्य त्यांनी लिफ्ट बसवण्यात आणि बिघडलेल्या लिफ्ट सुरू करण्यात घालवलं. हाताखालच्या पोरांनी पाडलेलं हे नाव इमारतीत पसरलं आणि शेवटी घरातही चिकटलं. उंच इमारतीच्या पोटात विहिरीसारखी उभी पोकळी असते, तिथे दोर, चाकं, ग्रीस आणि अंधार, आणि त्यात हा माणूस. आकाश म्हणजे वर कुठेतरी दिसणारा चौकोन. अशा माणसाला वर्षातून एकदा आडवं पसरलेलं पाणी लागतं. नजर पोचेल तिथवर तळं, तळ्यातून निघणारी नदी, नदीच्या टोकाला दुसरं तळं, मग झाडीतली पायवाट आणि तिच्यापलीकडचं तिसरं. तिथे रस्ता जात नाही, दुकान नाही, कुणी हाक मारत नाही. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा दोन होड्या. एकीत मागे उस्ताद आणि पुढे लेक, दुसरीत मागे मेहुणा आणि पुढे उस्तादांची बायको. गेली कित्येक वर्षं हाच बेत आणि हीच माणसं.

मागच्या हिवाळ्यात उस्तादांना हलका झटका आला. बोलणं दोन दिवसांत सुधारलं, चालणं महिन्यात. डावा हात मात्र रुसलेल्या नोकरासारखा वागायला लागला. सांगितलेलं काम करायचा, पण अर्धंच, आणि तेही उशिरा. उस्ताद त्याच्याकडून सकाळ-संध्याकाळ रबरी चेंडू दाबून घेत. चेंडू दाबताना त्यांच्या डोळ्यांसमोर वल्ह्याची मूठ असे. यंदा त्यांना तळ्यांवर जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. औषधं घेतली, मीठ कमी केलं, डॉक्टरीणबाईंसमोर एका पायावर उभे राहून दाखवलं, ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

आता, या घरात सहल आखणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. आखणी म्हणजे कडाक्याचं भांडण. गांडुळं कोण खणणार, ती कुणाच्या पिशवीत राहणार, तंबूचं तोंड पाण्याकडे की झाडीकडे, पहिला मुक्काम बेटावर की काठावर, मीठ किती. मिठावरून नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एकमेकांची खानदानं निघत. शेजारी भिंतीवर थाप मारत. आणि या सगळ्या धुमश्चक्रीतून जो बेत बाहेर पडे तो असा काही पक्का असे, की पाण्यावर गेल्यावर कुणाला तोंड उघडायची गरज पडत नसे. सगळं भांडून झालेलं असे.

म्हणून तो "घेऊ की" उस्तादांच्या घशात अडकला. पुढच्या रविवारी त्यांनी मुद्दाम बायकोची कळ काढली.

बायको शाळेत शिवण शिकवायची. तंबू तिनेच शिवलेला, जाड कापडाला दुहेरी टीप घालून, आणि त्याला नाव ठेवणाऱ्याची ती गय करत नसे. उस्ताद म्हणाले, "तुझा तो तंबू गळतो. यंदा विकतचा घेऊ."

लेकीचा हात थबकला. मेहुण्याने श्वास रोखला. बायकोच्या नाकपुड्या क्षणभर फुलल्या, तशा त्या फुलायला हव्याच होत्या. उस्तादांना बरं वाटलं. आणि मग ती नाकपुड्या आवरून म्हणाली, "घेऊया हो. तुम्हाला आवडेल तो घेऊया."

जिने हा तंबू शिवताना बोटाला टाचणी लागलेली कित्येकदा ऐकवली होती, ती म्हणते घेऊया! एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईने त्यांच्यापुढे अशी मान तुकवली नव्हती, लग्नातसुद्धा नाही.

राहिली लेक. लेक गाडी शिकवायची. तिच्या स्वतःच्या शाळेची गाडी होती, शिकाऊ माणसासमोर स्टिअरिंग आणि तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक. भल्याभल्यांना ती भर रस्त्यात झापायची. तोंडाने फटकळ आणि वागण्याने सरळ. उस्तादांना वाटलं, ही तरी खोटं बोलणार नाही. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"यंदा उलटं जाऊ. तिसऱ्या तळ्यापासून सुरू करून नदीने वर."

"चालेल," लेक म्हणाली आणि तिने पेन्सिलीने रेघ ओढली.

"मधे धबधबा आहे."

"हो ना."

"आपण खालून येणार. धबधबा वरून पडतो. त्यावरून होडी चढवायची?"

"बघू ना बाबा. करू काहीतरी," लेक म्हणाली आणि तिची रेघ धबधबा चढून वर गेली.

त्या "करू काहीतरी"मधला आवाज उस्तादांनी ऐकला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो आवाज त्यांचा होता.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडते तेव्हा आत माणूस असतो. तो दार बडवतो, आईची आठवण काढतो, लिफ्टवाल्याचा उद्धार करतो, कधी रडतो. बाहेर उभ्या असलेल्या मेकॅनिकला ठाऊक असतं की मोटर जळली आहे आणि संध्याकाळ होणार आहे. पण हे आतल्याला सांगायचं नसतं. त्याच्याशी वाद तर मुळीच घालायचा नाही. तो म्हणेल छत कोसळतंय, तर म्हणायचं, हो, बघतो. तो म्हणेल मंत्र्याला फोन लावा, तर म्हणायचं, लावलाय. आवाज जरा जाड, जरा गोड, कुठेही न अडखळणारा. "हो हो, झालंच, दोन मिनिटं." उस्तादांनी हा आवाज स्वतः घडवला होता आणि हाताखालच्या प्रत्येकाला शिकवला होता. पोरं त्याला दोन मिनिटांचा आवाज म्हणत. लेक लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर जायची, तेव्हा जिन्यात बसून तिने तो शेकडो वेळा ऐकला असेल.

आणि आज ती तो बापावर चालवत होती!

उस्ताद उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "खोटारडे आहात तुम्ही सगळे!"

मेहुण्याने खुर्ची उचलून ठेवली.

"माझ्या तोंडावर हो ला हो करता. मनात काही आहे आणि बोलता भलतंच!"

"तसं होतं खरं कधीकधी," मेहुणा हळूच म्हणाला.

"बघ! आताही हो म्हणतोस! तुला लाज नाही वाटत?"

"वाटते ना, दाजी."

"मी म्हणतो मूर्खपणा आहे हा सगळा!"

"बरोबर आहे तुमचं," बायको म्हणाली. "बसा जरा. पाणी देऊ?"

काय करणार अशा माणसांचं? भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत निदान लागते. हे तिघं म्हणजे नुसत्या उशा. उस्तादांचा डावा हात खिशात होता. त्यांनी तो मुद्दाम खिशात घातला होता, कारण चिडलं की तो लुळा पडायचा आणि मग सगळ्यांच्या नजरा तिकडे जायच्या. त्या नजरांची त्यांना सगळ्यात जास्त चीड होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं की निकाल त्यांना न सांगता बायकोला सांगायच्या, दाराबाहेर नेऊन. रस्ता ओलांडताना लेक कोपर धरायची. आणि आता तळीसुद्धा त्यांना खुळखुळ्यासारखी हातात दिली होती, वाजवत बसा म्हणून.

ते एकदम शांत झाले. इतके शांत, की बायको घाबरली.

"बरं," ते म्हणाले. "खाली जाऊन होड्या तर बघू. डांबर लावायला झालंय का ते कळेल."

"हो हो, बघू की," तिघं एकदमच म्हणाले आणि सुटल्यासारखे उठले.

होड्या तळमजल्याच्याही खाली, गाड्या लावायच्या जागेत छताला टांगलेल्या असत. चौघं बाहेर आले, लिफ्टमध्ये शिरले. ही लिफ्ट उस्तादांनीच बसवली होती. इमारतीला तिचं काही दुखलंखुपलं की अजूनही कंपनीच्या आधी त्यांना बोलावणं यायचं, आणि बटणांच्या खालच्या छोट्या झाकणाची किल्ली त्यांच्या जुडग्यात कायम असायची. आत एक आरसा, एक पंखा आणि चौघांपुरती जागा. मेहुण्याला लिफ्टची भीती होती. रंगाच्या दुकानात उंच शिडीवर चढून डबे काढणारा हा गडी, पण लिफ्टमध्ये शिरला की डोळे मिटून मजले मोजायचा. दार बंद झालं. लिफ्ट खाली निघाली. उस्तादांनी किल्ली काढली, झाकण उघडलं आणि आतला लाल खटका खाली ओढला.

लिफ्ट थांबली. दिवा चालू होता, पंखा चालू होता, दाराच्या काचेपलीकडे दोन मजल्यांमधली कोरी भिंत होती.

"काय झालं?" मेहुण्याने डोळे उघडले. "काय झालं, दाजी?"

"काही नाही," उस्ताद म्हणाले. आवाज जरा जाड, जरा गोड. "दोन मिनिटं."

"बंद पडली का?"

"हो हो. झालंच."

"तुम्ही बंद केली! मी बघितलं, तुम्ही काहीतरी ओढलं!"

"बरोबर आहे तुझं."

"मग सुरू करा!"

"करू की."

आणि उस्ताद आरशाला पाठ टेकवून उभे राहिले. किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला. मेहुण्याला घाम फुटला. त्याने दार बडवलं. त्याला वाटलं, हवा संपत आली आहे, आणि त्याने तसं सांगितलं. उस्ताद म्हणाले, हो, बघतो. बायको म्हणाली, "अहो, हा काय पोरखेळ आहे?" उस्ताद म्हणाले, "आहे खरा." लेक म्हणाली, "बाबा, मामाला त्रास होतोय." उस्ताद म्हणाले, "होतो ना. करू काहीतरी."

लेक दचकली. तिने बापाकडे नीट पाहिलं आणि आरशात तिला स्वतःचाही चेहरा दिसला. तिला कळलं. कान लाल झाले तिचे.

"किल्ली दे," ती म्हणाली. आवाजातला गोडवा गेला होता.

"देऊ की."

"बाबा, किल्ली दे म्हणते ना!"

"दोन मिनिटं."

"नाही!" लेक ओरडली. लिफ्टच्या पत्र्याने तो शब्द वर-खाली नेला. "नाही म्हणजे नाही! झालं समाधान? हेच ऐकायचं होतं ना तुला? नाही जायचंय आपल्याला कुठे! कुणीच जाणार नाहीये! मी शाळेला सुट्टी ठेवली नाहीये, मामा दुकान बंद ठेवणार नाहीये, आईने माळ्यावरून पिशव्या उतरवल्यासुद्धा नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचं मन गुंतवा आणि त्यांना विरोध करू नका. म्हणून रविवार-रविवार तो नकाशा मांडून बसतो आम्ही!"

"मला शिकाऊ गाडीत बसवलंस तू," उस्ताद म्हणाले. आता तो आवाज त्यांच्याही गळ्यातून गेला होता आणि उरला होता तो नुसता फाटका राग. "स्टिअरिंग माझ्या हातात आणि ब्रेक तुझ्या पायाखाली. मी गाडी चालवतोय म्हणून खूश, आणि गाडी जागची हललेली नाही. मी चेंडू दाबतो रोज! कशासाठी दाबतो? माझ्या तोंडावर सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! भांडलो असतो! माणसाला भांडायचा तरी हक्क आहे की नाही?"

"आणि भांडता भांडता दुसरा झटका आला असता म्हणजे?"

"आला असता तर आला असता! माझा झटका आहे!"

"तुझा एकट्याचा नाहीये तो!" लेकीचा आवाज फुटला. "त्या झाडीतल्या वाटेवर तू होडी डोक्यावर घेऊन पुढे असतोस आणि मी मागे सामान घेऊन. तिथे तू पडलास तर? ना रस्ता, ना फोन. मी काय उचलू तिथे, सांग ना! होडी उचलू की तुला उचलू?"

बायकोने तोंडाला पदर लावला.

"हा काय प्रश्न झाला?" उस्ताद खवळून म्हणाले. "मला उचल! होडी काय पळून जातेय?"

मेहुण्याला हसू फुटलं. घाम पुसता पुसता तो असा विचित्र हसला, की लेकही रडता रडता हसली आणि तिला स्वतःचाच राग आला.

"हसण्यावारी नेऊ नका," ती म्हणाली. "डाव्या हातात वल्हं टिकत नाही तुझ्या. मागे बसून होडी वळवणं तुला जमणार नाही. जमणार नाही, बाबा."

असं त्यांना हिवाळ्यापासून कुणी म्हणालं नव्हतं. सगळे म्हणत, जमेल हळूहळू. उस्तादांनी डावा हात खिशातून बाहेर काढला आणि चौघांच्या मध्ये धरला. तो थोडा लोंबत होता. बघायचं तर नीट बघा, असं त्यांना म्हणायचं होतं. कुणी नजर चुकवली नाही.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय? जायचंच असेल तर मी मागे बसणार. तू पुढे. आणि तिसरं तळं नाही. दोनच. झाडीतली वाट तिसऱ्यासाठी लागते, ती वाटच नको."

"तिसरं तळं नाही?"

"नाही."

"तिसऱ्या तळ्याशिवाय जाण्यात अर्थ काय? आणि पुढे? मी पुढे बसू? इतकी वर्षं होडी मी चालवली आणि आता पुढे बसून राहू, सामानासारखा?"

हे बोलायला नको होतं. कारण त्या लिफ्टमध्ये अशी एक बाई होती जी इतकी वर्षं पुढे बसत आली होती.

"सामानासारखा?" बायको म्हणाली. पदर तोंडावरून गेला होता आणि नाकपुड्या फुलल्या होत्या, पूर्ण. "म्हणजे मी सामान होते होय? खडक कोण बघतं पाण्यातले? ‘डावीकडे घे, उजवीकडे घे’ कोण ओरडतं? माझ्या भावाला मागे बसून काय दिसतं, माझी पाठ! तुम्हाला तरी काय दिसलं आजवर? लेकीची पाठ आणि तिची टोपी! तळी बघितली आम्ही दोघींनी. तुम्ही दोघांनी नुसतं पाणी ढकललं. आणि वर येऊन चार लोकांत सांगता, मी होडी चालवतो!"

"मी तसं नाही म्हणालो."

"म्हणालात! आत्ता म्हणालात! आणि तंबू गळत नाही माझा. तुम्ही तो ओल्या फांदीखाली लावता, म्हणून ठिबकतो. विकतचा आणा बघू, आणाच, त्यात तुम्ही झोपा, मी माझ्या तंबूत झोपते."

उस्ताद तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा लाल झाला होता, कपाळावरचे केस चिकटले होते आणि ती बोटाने त्यांच्या छातीवर टोचत होती. त्यांना काय वाटलं ते सांगायचं तर त्यांना अतोनात आनंद झाला. आणि तिसऱ्या तळ्याचं दुःखही झालं, खरं, भरघोस दुःख, कारण आता ते तळं खरोखर गेलं होतं. खोट्या बेतात ते त्यांच्याजवळ होतं आणि खऱ्यात नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, उजव्या हाताने.

"दोन तळी," ते म्हणाले. "पण पहिला मुक्काम बेटावर."

"काठावर," लेक म्हणाली.

"बेटावर!"

"काठावर. गाडी लावतो तिथून हाकेच्या अंतरावर. ते पटत नसेल तर घरी बस."

"घोडचूक आहे ही."

"असू दे."

मेहुणा कोपऱ्यात दाराला पाठ लावून उभा होता. त्याचा सदरा भिजला होता. आता त्याने एक पाऊल पुढे टाकलं, तेवढीच जागा होती, आणि उस्तादांच्या तोंडासमोर बोट नाचवलं.

"आणि दाजी, एक सांगतो," तो म्हणाला. आवाज भीतीने नव्हे, चांगल्या जुन्या संतापाने कापत होता. "तुम्ही आजारी असा नाहीतर धडधाकट असा. तो तवा येणार नाही!"

"तवा येणार," उस्ताद म्हणाले.

"येणार नाही! मी मरेन पण उचलणार नाही! माणूस आहे की हमाल? दर वर्षी माझी पाठ जाते आणि तुम्ही म्हणता, मासा रडतो. माझ्या रडण्याचं काय?"

"मासा रडतोच पातळ भांड्यात."

"रडू दे त्याला! तुमचा कोण लागतो तो?"

उस्तादांनी किल्ली काढली आणि लाल खटका वर ढकलला. लिफ्टला एक हिसका बसला आणि ती निघाली. मेहुणा बोलायचा थांबला नाही. आज त्याने मजलेही मोजले नाहीत. बायको तंबूच्या शिवणीवर होती, लेक सांगत होती की नदीच्या तोंडाशी गळ टाकायचा नाही, तिथे ओढ असते, आणि उस्ताद सगळ्यांवर कडी करून ओरडत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून कान दिला आणि कित्येक महिन्यांनी भिंतीवर थाप मारली.

खाली दार उघडलं तेव्हा पहारेकरी काठी घेऊन समोर उभा होता. दार बडवल्याचा आवाज त्याने ऐकला होता. चौघांचे लाल चेहरे बघून तो गांगरला.

"उस्ताद, तुम्ही? तुम्ही अडकला होतात?"

"हिवाळ्यापासून," उस्ताद म्हणाले आणि त्याला बाजूला सारून होड्यांकडे निघाले. छताखाली दोन्ही टांगलेल्या होत्या, धुळीने पांढऱ्या. उस्ताद आपल्या होडीखाली उभे राहिले. आधी मागच्या टोकाशी. मग चार पावलं चालून ते पुढच्या टोकाशी गेले, वर बघत, आणि तिथल्या फळीवर त्यांनी डावा हात ठेवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो पोचला नाही. कुणी मदतीला गेलं नाही. दुसऱ्यांदा पोचला.

"तवा तू नको उचलू," ते मेहुण्याला म्हणाले. "पुढे बसणाऱ्याच्या पायापाशी राहील. माझ्या."

"आणि गाडीतून काठापर्यंत कोण नेणार?" मेहुणा ओरडला.

"तो तूच नेणार," उस्ताद म्हणाले.